दुआ आहे, दवा कुठे?

जुलै २०२५ मध्ये हिंजवडीत एका २३ वर्षांच्या अभियंत्याने कामाच्या ठिकाणीच आयुष्य संपवले. तो कोणत्या धर्माचा होता, हा प्रश्न गैरलागू आहे. अशी बातमी आली की आपल्या मोहल्ल्यातला शेरा मात्र ठरलेला: हराम मौत. मेलेल्याचा निकाल एका दमात लागतो. जिवंत पोराची विचारपूस कोणी करायची?

लातूर, परभणी, मालेगावहून आलेली ही आपली पोरे. घराण्यातली पहिली पदवी. नाव ऐकून घरमालक खोली नाकारतो, मग वाकड-थेरगावात चौघे मिळून कुठेतरी राहतात. कंपनीत काम नसल्याने 'बेंच'वर बसवले आहे, हे अब्बांना सांगायचे कसे? बहिणीचे लग्न याच पगारावर ठरलेले असते. जुम्म्याला मशिदीत एखाद्या बुजुर्गाजवळ मन मोकळे केलेच, तर उत्तर मिळते, "नमाज पढो, सब ठीक हो जाएगा." मुलींना तर मशिदीचा तेवढाही कोपरा नाही.

नमाजेने मनाला आधार मिळतो, हे कोण नाकारतो? पण मधुमेहाला इन्सुलिन आणि उदासीनतेला नुसता वजीफा, हा कुठला न्याय? इलाज करा, ही तर पैगंबरसाहेबांचीच शिकवण. अबू झैद अल-बल्खी यांनी हजारेक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ साली उभारलेल्या इस्पितळात मनोरुग्णांची वेगळी सोय होती. हा वारसा सांगणाऱ्या आपल्याच काळात, ऑगस्ट २००१ मध्ये, तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने ठेवलेले २८ मनोरुग्ण साखळदंडांसह जळून मेले. उलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा व दुआ' उपक्रम उभा राहिला. मुजावरच रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. मुजावरांना जे कळले, ते आमच्या शिकल्यासवरल्या ट्रस्टींना का कळू नये? आणि 'हराम मौत' म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की बहुसंख्य फकीह अशा मय्यतीचीही नमाजे-जनाजा पढायला सांगतात.

कंपन्यांनाही सोडायचे कारण नाही. समुपदेशक ठेवायचा कंपनीने आणि पगारवाढ ठरवायचीही तिनेच. बोललेले वरपर्यंत पोचेल या धास्तीने पोरे तिकडे फिरकत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्यात आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो. सरकारी मनोरुग्णालय मात्र येरवड्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रात्री दोन वाजता खोलीत एकटा बसलेला मुलगा तिथे कसा जाणार?

त्याच्या हातात फोन असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने 'टेलिमानस' सुरू केले. रात्रंदिवस, मोफत, मराठीतही बोलता येते. मशिदीच्या फलकावर चंद्याचा हिशेब लागतो, इफ्तारीची वेळ लागते. तिथे हा नंबर लावायला ट्रस्टींना कोणाचा फतवा हवा आहे? येत्या जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी पाच आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत: १४४१६.