कोळशाच्या गावातली चकचकीत चाकं

मी उमरेडचा आहे असं सांगितलं की ऑफिसातली मंडळी हमखास दोन गोष्टी विचारतात. तो 'जय' वाघ तुमच्याकडचाच ना? आणि उन्हाळ्यात तिकडे राहता कसे? जय २०१६ पासून कोणाला दिसलेला नाही, आणि उन्हाळ्यात आम्ही कूलरसमोर राहतो. विषय संपला. कोळशाबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. करांडल्याचं जंगल आणि वेकोलिच्या उघड्या खाणी एकाच तालुक्यात आहेत, पण पोस्टकार्डावर छापतात फक्त वाघ.

आज लिहायचंय ते कोळसा वाहणाऱ्या टिप्परांच्या चाकांबद्दल. हसू नका :) आमच्याकडे त्यांना सरसकट 'हायवा' म्हणतात, कंपनी कोणतीही असो. हायवा वरपासून खालपर्यंत काळा, ताडपत्री काळी, मागचा नंबर वाचायची सोय नाही. पण समोरच्या चाकांवर चकचकीत कप, नटांवर टोकदार टोप्या, बंपरला चमकणारा पाइप. माझ्या एका पुण्याच्या मित्राने हे पाहिलं आणि म्हणाला, "काय हा भडकपणा!" तो स्वतः दर रविवारी बुलेटच्या क्रोमच्या रिमा फडक्याने पुसत बसतो, ती म्हणे 'पॅशन'.

मला ही हौस भडक वाटत नाही. दिवसभर काळ्या धुळीत राहणाऱ्या माणसाला एक तरी गोष्ट चमकणारी हवी असते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो तेव्हा बैलाला त्याचा काय उपयोग, असं कोणी विचारत नाही. माझी तक्रार चमक आणायच्या पद्धतीबद्दल आहे, आणि ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आधी हे क्रोम म्हणजे काय ते बघू. चमकतं ते सगळं क्रोम नसतं. साधा लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर बहुतेक लोखंडावर चढवलेलं क्रोम. नाही चिकटला आणि वस्तू वजनाला हलकी, तर अॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकवरचा मुलामा. नाही चिकटला पण जड आहे, तर स्टेनलेस स्टील. (काही स्वस्त स्टेनलेसला चुंबक चिकटतो, म्हणजे ही टेस्टसुद्धा शंभर टक्के पास होत नाही. आम्हा आयटीवाल्यांना याची सवय आहे.) हे ओळखणं महत्त्वाचं, कारण एकाला जे चालतं ते दुसऱ्याला खाऊन टाकतं. कॉस्टिक असलेला क्लीनर क्रोमवर फारसा परिणाम करणार नाही, पण अॅल्युमिनियम मात्र विरघळवायला लागतो.

क्रोमचा शोभेचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. आपला केस सत्तरेक मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या जाडीत असे शंभराहून जास्त थर मावतील. खरं संरक्षण करतो तो त्याच्याखालचा निकेलचा थर, दहा ते चाळीस मायक्रॉनचा. क्रोमला अतिसूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतात. त्यातून पाणी, मीठ, अॅसिड आत गेलं आणि निकेलही पार झालं की खालचं लोखंड गंजतं, आणि एक दिवस पापुद्रे सुटतात. बाहेरून सगळं ठीक, आतून गेलेलं.

आता आमच्याकडची पद्धत. वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढते, एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बादलीत अॅसिड ओततो, ब्रशने चाकाला फासतो, वाफ निघते, वरून प्रेशरने पाणी मारतो. पाच मिनिटांत चाक झगझगीत. मी एकाला विचारलं, हातमोजे का नाही घालत? तर म्हणाला, "घसरते ना दादा. आन् घासत बसलो तं अर्धा तास जाते एका गाडीला."

हे अॅसिड बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे संडास साफ करतो तेच. गंमत अशी की प्लेटिंगच्या दुकानात जुनं क्रोम *काढायचं* असलं की हेच अॅसिड वापरतात! म्हणजे आपण पैसे देऊन क्रोम काढून घेतो आणि त्याला धुणं म्हणतो. चाक पहिल्यांदा चमकतं कारण मळाबरोबर वरची कातडीही निघते. चार-सहा धुण्यांनंतर पिवळट, मग ठिपके, मग गंज. मालक म्हणतो माल डुप्लिकेट निघाला.

मालाचं सोडा, त्या मुलाच्या हाताचं काय? हायड्रोक्लोरिक निदान लगेच जळजळतं, माणूस हात मागे घेतो. पण अलॉय चमकवायच्या काही केमिकलमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा त्याचा क्षार अमोनियम बायफ्लोराइड असतो. ते पातळ असलं तर कातडीवर पडल्यावर कित्येक तास दुखतच नाही. तोवर ते आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. त्यावर प्रथमोपचार म्हणजे भरपूर पाणी, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि ताबडतोब दवाखाना. ही जेल आमच्याकडच्या कुठल्या रॅम्पवर मी पाहिलेली नाही. केमिकल मात्र लेबल नसलेल्या कॅनमधून सुटं येतं. ग्राहक म्हणून आपण एवढं तरी म्हणू शकतो की माझ्या गाडीला अॅसिड नको, अर्धा तास लागू दे, अर्ध्या तासाचे पैसे घे. हे कार घेऊन जाणाऱ्या तुम्हाआम्हालाही लागू आहे.

मग धुवायचं कसं? चाक गार होऊ द्या. घाटातून उतरलेल्या किंवा भरून आलेल्या गाडीचे ब्रेक ड्रम चांगलेच तापलेले असतात, त्यावर साबण टाकला तर जागीच वाळून डाग पडतो. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. कोळसा स्वतः मऊ असतो, पण त्याच्यासोबत आलेली वाळू आणि दगडाचा चुरा मऊ नसतो. कोरड्या फडक्याने पुसलं की ते फडकं पॉलिश पेपर होतं. मग गाडीचा साधा शॅम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांसाठी वेगळी बादली. पावसाळ्यात कोळशाचा ओला चिखल चाकाला चिकटून राहू देऊ नका. कोळशात थोडं जरी पायराइट असलं तरी हवा-पाण्याने त्याचं सौम्य गंधकाम्ल होतं. शेवटी पुसून कोरडं करा, कारण बोअरचं जड पाणी आपोआप वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. महिन्यातून एकदा वॅक्स. गंजाचे बारीक ठिपके आलेच तर अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, त्यामुळे ओरखडे न पडता गंज निघतो. स्टीलची घासणी अजिबात नको. आणि हा उपाय लोखंडावरच्या क्रोमसाठी, प्लॅस्टिकच्या कपांवर करू नका.

पुन्हा क्रोम चढवून घेऊ, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं. पारंपरिक प्लेटिंगच्या हौदात क्रोमिक अॅसिड असतं, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम, ज्याने माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. आहे ते क्रोम दहा वर्षं टिकवणं हाच त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग.

आता चमकेपेक्षा मोठा मुद्दा. चाकाचा नट सैल व्हायला लागला की त्याच्याभोवती गंजाच्या बारीक रेघा उमटतात, नटापासून बाहेर जाणाऱ्या. रिमला भेग पडत असेल तर तिथेही तांबूस ओघळ दिसतो. अनुभवी ड्रायव्हर हे बघतो. म्हणून धुण्याच्या *आधी* चाक नीट पाहिलं पाहिजे, एकदा पाणी मारलं की पुरावा गेला. आणि कप लावला असेल तर पुरावा दिसतच नाही. चाक खोलून बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, पण कप काढायचा कंटाळा म्हणून ते राहून जातं. रिमला नवा रंग देताना हब जिथे टेकतो तिथेही जाड थर मारला तर तो रंग दबतो आणि नट ढिले पडतात, हेही खूप जणांना माहीत नसतं. भरलेल्या हायवाचं चाक सुटलं तर ते उमरेड रोडवर कोणाला गाठेल याचा नेम नाही. त्याच रस्त्याने पोरं सायकलने शाळेत जातात.

परदेशात ट्रक-बसच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण दिसतात. शेजारशेजारच्या नटांचे बाण समोरासमोर लावायचे, नट फिरला की बाण फिरतो आणि लांबूनच कळतं. मला विचाराल तर चाकावर लावायचा सगळ्यात सुंदर दागिना तोच.

माझ्या चुलतभावाचे दोन हायवा आहेत. त्याला हे सगळं सांगितलं. अॅसिड त्याने बंद केलं, कारण त्यात त्याचे पैसे जात होते. कपांवर आमचं अजून जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, "ड्रायवर लोकं गाडी सोडून जातीन ना बे, साधी गाडी कोन चालवते?" यात तथ्य आहे. फेरीवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला त्या गाडीत स्वतःचं म्हणण्यासारखं तेवढंच असतं. सध्या तोडगा असा निघालाय की कप दसऱ्याला आणि लग्नसराईत लावायचे, एरवी नट उघडे. बाण मागवलेत, पिवळे मिळाले नाहीत म्हणून त्याने लाल घेतले. ते जास्त शोभतात म्हणे.