बोटांवर मोजलेली इंजिनं

पश्चिम जर्मनीत एनएसयू रो ८० या मोटारीच्या मालकांची एक गंमत सांगतात. समोरून दुसरी रो ८० आली की चालक हात उंचावून बोटं दाखवायचे. जितकी बोटं, तितक्या वेळा इंजिन बदललेलं. मला यात गिऱ्हाइकांची साक्ष दिसते. १९६७ साली आलेली ही गाडी १९६८ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ ठरली होती. तिच्या वांकेल इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्हही नाहीत. कमरेत किंचित दबलेल्या लांबट पोकळीत तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या भिंतीला घासत वायू अडवून धरतात. पट्टी झिजली की दाब निसटतो, गाडी ओढेनाशी होते, इंजिन खाली उतरवावं लागतं. वॉरंटीत इंजिनं बदलून देताना कंपनी मेटाकुटीला आली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या ताब्यात गेली.

यावरून ‘गुंतागुंत वाढली की भरवसा गेला’ असं म्हणणं मला पटत नाही. वांकेलमध्ये हलणारे भाग नेहमीच्या इंजिनापेक्षा कमीच असतात. शिवाय त्याच पट्टीने जपानमध्ये माझदालाही छळलं होतं. भिंतीवर उठणाऱ्या खुणांना तिथे ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो आणि त्यांचे सहकारी त्यामागे हात धुऊन लागले, कार्बन-अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घडवली, आणि १९६८मध्ये नुर्बुर्गरिंगवरच्या ८४ तासांच्या शर्यतीत त्यांची कॉस्मो चौथी आली. पुढे १९९१मध्ये वांकेल इंजिनाच्याच माझदाने ल मांची शर्यत जिंकली. हे इंजिन पेट्रोल जास्त प्यायचं, हा आक्षेप खराच आहे. पण तो खर्चाचा झाला, टिकाऊपणाचा नव्हे. एनएसयूचं चुकलं ते घाईत. पट्टीची परीक्षा कारखान्यात पुरी व्हायला हवी होती, ती गिऱ्हाइकाच्या रस्त्यावर झाली.

धूर कमी करायचा तर साधी इंजिनं पुरणार नाहीत, हेही मला मान्य आहे. आपल्याकडे एप्रिल २०२०पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-सिक्स हे निकष आले, डिझेल मोटारींना काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि शहरांच्या हवेसाठी तो हवाच. पण साठलेली काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो. सिग्नलमागून सिग्नल रखडणाऱ्या गाडीत ते नीट होत नाही, फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ज्याचं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच आहे, त्याला हे गाडीचं बुकिंग घेण्याआधी शोरूममध्येच सांगायला हवं. एनएसयूने निदान बदललेल्या इंजिनांचा भार स्वतः उचलला. फिल्टर तुंबल्यावर ‘तुमचं चालवणं चुकलं’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती बिल ठेवणं मला त्याहून गैर वाटतं.