बाग कुणाच्या नावावर?



23 डिसेंबरला किसान दिन येतो. हारतुरे, 'बळीराजा'चा जयजयकार आणि द्राक्षनिर्यातीचे आकडे. त्याच दिवसांत नाशिककडच्या बागांतून बायका मान वर करून, हात उंचावून घडांची विरळणी करतात, एकेक घड संजीवकाच्या द्रावणात बुडवतात.

निर्यातीच्या बागेची नोंदणी होते ती सातबारा पाहून. 2006 पासून 'ग्रेपनेट'मुळे युरोपात पोचलेला घड कोणत्या बागेतला हे शोधता येते. विरळणी कुणी केली, ते त्या नोंदीत नसते. 2010 साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षे अडवली. घडावर औषध किती राहिले हे प्रयोगशाळेत तपासतात. घड बुडवणाऱ्या बाईच्या हातांचे काय झाले, हे त्या तपासणीत येत नाही.

2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बायका सुमारे 14 टक्के. बायकोच्या नावे जमीन करा, असे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'त सांगितले त्यालाही तीस वर्षे उलटली.

(निर्यात नको, असे आमचे म्हणणे नाही. तिच्यावर कितीतरी घरे चालतात.) पण बागेच्या नोंदणीत मजूर बायकांची नावे, मजुरी आणि हातमोजे यांचा रकाना का नसावा? यंदाच्या किसान दिनाला गटांनी हे व्यासपीठावरच्या पाहुण्यांना विचारावे आणि मिळालेले उत्तर आम्हाला कळवावे.