पुण्य आणि पेशा

बारावीचा निकाल लागला की नवघरातल्या घराघरांतून पुढील शिक्षणाची जी वाटाघाट सुरू होते, तीत वाणिज्य, संगणक, परिचर्या, झालेच तर विमानतळावरील नोकरी, या सर्वांचा विचार यथायोग्य गांभीर्याने होतो. परंतु एखाद्या मुलीने 'मला समाजकार्याची पदवी घ्यायची आहे' असे म्हणायचा अवकाश, की वडील, काका, शेजारचे सेवानिवृत्त हेडक्लार्क आणि चहाला आलेले पाहुणे यांचे तत्क्षणी एकमत होते. समाजसेवा करायची असेल तर रविवारी कर, तिच्यासाठी कॉलेजात कशाला जायचे, हा तो एकमुखी निवाडा. तो निखालस मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या पाठीशी दानधर्माची आणि निःस्वार्थ सेवेची शेकडो वर्षांची धारणा उभी आहे. सबब त्यास पूर्वपक्षाचा मान देऊन, त्याचे एकेक अंग तपासून उत्तर देणे हेच उचित.

मात्र ही धारणा आजच्या रूपात आमच्या पोरांपर्यंत कोणत्या वाटेने पोचते, हे आधी पाहावे. भाईंदर स्टेशनातून पूर्वेला उतरून नवघर रोडने चालू लागलेल्या इसमास चौकाचौकांत वाढदिवसांचे आणि सणांच्या शुभेच्छांचे फलक दिसतात, आणि त्यांवरील हसऱ्या मुद्रांखाली नावाआधी 'समाजसेवक' ही पदवी हटकून छापलेली असते. ती कोणी बहाल केली, तिची मुदत किती, ती काढून घेण्याचा अधिकार कोणास, याची चौकशी करण्याची सोय नाही. जी पदवी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात तासाभरात तयार होते, तिच्यासाठी मुलीने काही वर्षे खर्ची घालावीत हे काकांना पटत नसेल, तर दोष एकट्या काकांचा नव्हे.

आता पूर्वपक्षाचे पहिले अंग: सेवेचा मोबदला घेणे हे सेवेला काळिमा लावणे होय. हे बोलणाऱ्यांना आमच्याच इतिहासाचा विसर पडलेला असतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्या सभासदांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या निर्वाहाची तजवीज संस्थेने करावी, आणि सभासदाने तेवढ्यावर संतुष्ट राहावे, अशी व्यवस्था त्यांनी मुळातच घालून दिली होती. रक्कम बेताची होती, पण ती हक्काची होती. गोखल्यांना त्यागाची किंमत ठाऊक नव्हती असे म्हणण्यास कोणी धजणार नाही; त्यांना एवढेच कळले होते की उपाशी कार्यकर्ता एकतर लवकर थकतो किंवा कोणाचा तरी मिंधा होतो. शिवाय बिनपगारी सेवेचा आग्रह धरणे म्हणजे ज्यांच्या घरी पूर्वापार भाडे, व्याज वा जमीनजुमला आहे त्यांच्याकडेच सेवेचा मक्ता सोपवणे होय. मिठागरावर राबलेल्या आगरी कुटुंबातील किंवा भाड्याच्या खोलीत वाढलेल्या मुलीने, जिला दारिद्र्याची नस न शिकवता कळते, या क्षेत्रात पाऊल टाकू नये, असा त्या उदात्त वाक्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

याहूनही खोल मुद्दा उत्तरदायित्वाचा आहे. दाता आपल्या अंतःकरणाशी हिशेब करतो. त्याने पुढच्या महिन्यात दान बंद केले तर घेणाऱ्यास तक्रारीची जागा नाही, उलट आजवर दिले म्हणून आभारच मानले पाहिजेत. पेशेवर माणसाची गोष्ट निराळी. त्याला नियम आहेत, दप्तर आहे, वरिष्ठ आहेत, आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्या माणसाला 'तुम्ही माझे काम का केले नाही' असे विचारण्याचा अधिकार आहे. समाजकार्याचा पेशा व्हावा, या मागणीचे सारे सार माझ्या मते या एका अधिकारात साठवलेले आहे.

पूर्वपक्षाचे दुसरे अंग अधिक भावुक आहे. कळवळा असला की पुरे, शिक्षण कशाला. सावित्रीबाई कोणत्या कॉलेजात गेल्या होत्या? हा प्रश्न सभेत टाळ्या मिळवतो, पण त्याचे उत्तर प्रश्न करणाऱ्याला अडचणीचे आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते: तेव्हाच्या अहमदनगरात फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात. 1897च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांना मरण आले हे आपण भाषणांतून सांगतो. पण त्या शिकलेल्या होत्या, शिकून शिकवीत होत्या, हे त्या कथेतून गळते. तसेच 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचे. फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल नेणे वा ठेवणे तिच्या मर्जीवर राहील आणि तिचे नाव उघड होणार नाही, असे अभिवचन त्या घराने दिले होते. येणारीच्या पापपुण्याचा न्याय करायचा नाही, निर्णय तिचा तिने घ्यायचा आणि तिचे गुपित राखायचे: समाजकार्याच्या वर्गात पहिल्या सत्रात जी तत्त्वे फळ्यावर लिहितात, ती या घराच्या उंबऱ्यावर आधीच आचरणात होती. कळवळ्याने माणूस दार उघडतो. दाराआडची गोष्ट बाहेर न जाऊ देण्यास शिस्त लागते, आणि ती शिकावी लागते.

आमच्या गावचाच दाखला घ्या. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तेथे पॉलिशच्या धुळीत उभा राहणारा उत्तरेकडील एखादा कामगार खोकू लागतो, तपासणीत क्षय निघतो, औषधे फुकट मिळतात, आणि सरकारी योजनेतून पोषणासाठी महिन्याला रक्कम देण्याचीही तरतूद आहे. ती 2018 साली पाचशे रुपये होती, 2024च्या अखेरीपासून हजार आहे. मग अडते कोठे? त्याचे बँकेतले खाते गावचे आणि वर्षानुवर्षे निजलेले. औषधोपचार निदान सहा महिन्यांचा, पण बरे वाटू लागताच तो सणासाठी गावी जाणार. आजाराचे नाव कळले तर मालक काढील आणि खोलीतले सोबती बाहेर घालवतील ही धास्ती. या माणसाला कळवळ्याने कोणी केळी आणि बिस्किटाचे पुडे नेऊन दिले आणि त्यासोबत छायाचित्र काढून घेतले, तर त्याचे गुपित त्याच दिवशी फुटले. ज्याला शिक्षण आहे तो आधी त्याच्याशी एकांतात बोलेल, खाते चालू करवील, गावच्या केंद्राकडे उपचाराची नोंद वर्ग करण्याची व्यवस्था लावील, सोबत्यांची तपासणी कोणाचेही नाव न घेता घडवून आणील. यातले कोणतेही काम अलौकिक नाही. ते ओळीने, वेळेवर आणि न चुकता व्हावे लागते, एवढेच. आणि रविवारच्या सवडीत ते होत नाही. योजना आहेत, आता समाजकार्य कशाला, असे म्हणणाऱ्या आणखी एका पक्षालाही याच उदाहरणात उत्तर मिळाले आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र परामर्श घेत नाही.

तिसरा आक्षेप स्वदेशाभिमान्यांचा: हा सारा अभ्यासक्रम अमेरिकेतून आयात केलेला आहे. यात तथ्यांश आहे आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. भारतातील समाजकार्य-शिक्षणाची पहिली संस्था मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने निघाली. तिचे प्रवर्तक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे, आणि शाळेचा जन्म झाला तो त्यांनीच 1927 साली नागपाड्यात उघडलेल्या नेबरहुड हाउसच्या आश्रयाने. 1944 साली ती टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि पुढे देवनारला गेली. पण गंमत अशी, की ज्या फरारबाईंचे नाव वर आले त्याही याच मिशनच्या. म्हणजे परकीय स्पर्शाने एखादी गोष्ट बाटत असेल, तर स्त्रीशिक्षणाचा आपला सारा अभिमानही त्याच न्यायाने खाली ठेवावा लागेल, आणि तेवढी तयारी आक्षेपकाची असेल असे वाटत नाही.

शिवाय कार्यकर्त्याला तयार करावे लागते, ही कल्पना नागपाड्यात बोटीने उतरली हेच मुळी खरे नाही. गोखल्यांच्या समाजात नव्या सभासदाला पहिली पाच वर्षे विशेष शिक्षणाखाली काढावी लागत. महर्षी कर्व्यांनी 1908 साली निष्काम कर्ममठ स्थापला तो संस्थांना वाहून घेतलेली माणसे घडवण्यासाठीच. आणि इकडे, तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डीस 1945 साली व नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी जे काम मांडले, ते कोठून आयात केले होते? मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळाच मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवली. अंगणवाडी हे त्या कामातले नाव 1975 साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने उचलले आणि आज ते देशभर चालते. नवघरातल्या कोणत्याही आईला अंगणवाडीताई ठाऊक आहेत; ताराबाई ठाऊक नाहीत.

येथे दोष आहे तो अभ्यासक्रमाचा, आणि तो स्वदेशाभिमान्यांइतकाच मलाही बोचतो. विद्यार्थ्याच्या हाती जे टिपण येते ते बहुधा 1601च्या इंग्लंडातील दरिद्री-कायद्यापासून सुरू होते, 1869च्या लंडनमधील धर्मादाय संघटनेवरून, 1884च्या टॉयन्बी हॉलवरून आणि 1889 साली जेन ॲडम्सबाईंनी शिकागोत उघडलेल्या हल हाउसवरून चालत चालत शेवटच्या पानावर धापा टाकीत हिंदुस्थानात पोचते. ॲडम्सबाई थोरच होत्या. 1931चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले ते उगाच नव्हे. मेरी रिचमंडबाईंचा 1917चा निदानग्रंथही वाचलाच पाहिजे, विशेषतः त्याआधी दोनच वर्षे फ्लेक्सनर नामक शिक्षणतज्ज्ञाने समाजकार्य हा पेशाच नव्हे असे भर परिषदेत बजावले होते, हे ध्यानी घेऊन; आमच्या काकांचा आक्षेप तिकडेही होता, आणि त्याला उत्तर भाषणाने न देता पद्धतीच्या मांडणीने दिले गेले. पण क्रम उलटा हवा. मुलांनी आधी गंज पेठेतले फुल्यांचे ते घर, कर्व्यांचे हिंगणे, गिरण्यांचे परळ आणि कोसबाड पाहावे, मग शिकागोला जावे.

शेवटचा आक्षेप मात्र विरुद्ध दिशेने येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. चळवळीतले लोक म्हणतात की पेशाने अन्यायाची धार बोथट केली. पूर्वी कार्यकर्ता मोर्चा काढी, आता तो प्रकल्पाचा अहवाल लिहितो, आणि ज्याच्या अनुदानावर संस्था चालते त्याच्याविरुद्ध ब्र काढत नाही. असे अहवाल मी वाचले आहेत. त्यांत माणसे 'लाभार्थी' होऊन कोष्टकांत बसलेली असतात. परंतु यावरून पेशा आणि संघर्ष यांचे हाडवैर सिद्ध होत नाही. भारत सेवक समाजातच तयार झालेल्या नारायण मल्हार जोशींनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, आणि कामगारांच्या त्या निकट परिचयातूनच 1920 साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत ते अग्रभागी उभे राहिले. जवळचे उदाहरण हवे असेल तर 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तांच्या आवारात टाटा संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा स्पेशल सेल घ्यावा. नवऱ्याने मारलेल्या बाईची अदखलपात्र नोंद करून तिला घरी धाडण्याची जी रीत ठाण्याठाण्यांतून रुळली होती, तिच्या शेजारीच टेबल मांडून प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली; रस्त्यावरच्या घोषणेने जी गोष्ट मागितली, ती दप्तरात उतरवण्याचे काम तिने केले. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पुढे संरक्षण अधिकाऱ्याची नेमणूक बंधनकारक केली, तेव्हा अशा कामाची गरज कायद्याने मान्य केल्यासारखेच झाले.

उरला मुलीच्या वडिलांचा प्रश्न, जो ते सर्वांदेखत विचारीत नाहीत आणि जो साऱ्या पूर्वपक्षांत अधिक प्रामाणिक आहे: नोकरी कोठे मिळते? इस्पितळांत समाजसेवा अधीक्षकांची पदे आहेत, आणि ही परंपरा 1946 साली जे. जे. रुग्णालयात झालेल्या पहिल्या नेमणुकीपर्यंत मागे जाते; बालगृहे व बालन्यायाच्या यंत्रणेत परिवीक्षा अधिकारी लागतात; महानगरपालिकांत समूह संघटक असतात; खाजगी संस्था तर अनेक. शिकण्यासाठी भाईंदरहून चर्चगेटची लोकल धरली तरी 1955 पासून चालत आलेले निर्मला निकेतन गाठता येते. पगार मात्र बेताचा, आणि पुष्कळ ठिकाणी अकरा महिन्यांच्या करारावर; सेवा म्हणून गौरवायचे आणि वेतनाची वेळ आली की त्याच गौरवाकडे बोट दाखवायचे, ही लबाडी सरकारही करते आणि संस्थाही करतात. वकिलांना जशी आपली देशव्यापी परिषद आहे, तशी सगळ्या समाजकार्यकर्त्यांना मिळून अद्याप नाही. हे सारे मुलीला प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी सांगावे.

आणखी एक गोष्ट सांगावी. 1948च्या कारखाने कायद्याने कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली होती ती पाचशे वा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यावर. त्या आधारे एके काळी गिरण्यांतून या पदवीधरांची मोठी सोय झाली. नवघरच्या पट्ट्यात कामगार थोडे नाहीत, पण ते लहान लहान गाळ्यांतून वाटले गेले आहेत, आणि पाचशेंचा आकडा एका छपराखाली भरला नाही. परिणामी त्या कायद्याने त्यांच्या वाट्याला एकही अधिकारी आला नाही. अनेक गाळ्यांना मिळून एक कल्याण अधिकारी असावा, त्याचा खर्च मालकांनी वाटून घ्यावा आणि त्याने मालकांच्या नव्हे तर कामगार खात्याच्या हुकमतीत राहावे, ही मागणी महापालिकेपुढे आणि कामगार आयुक्तांपुढे मांडण्यास चौकातल्या फलकांवरील समाजसेवकांपैकी कोणाचीही हरकत असू नये.