मेल्याचे पंचवीस लाख, जगल्याचे साडेसात

कवठे येमाईच्या माणसाला पिंपरखेड आणि जांबूत कुठे आहे ते सांगावं लागत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत या शेजारच्या गावांत बिबट्याने तीन जीव घेतले, दोन मुलं आणि एक म्हातारी बाई. लोक रस्त्यावर आले, वनखात्याची गाडी पेटवली गेली, शेवटी नरभक्षक ठरवलेला बिबट्या गोळी घालून मारला. पिंजरे, नसबंदी, भरपाई, सगळ्यावर चर्चा झाली. पण बोलावणं आलं की उसात आधी कोण शिरतं, आणि त्याचा हात गेला तर पुढची तीस वर्षं तो कशावर खातो, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आला नाही.

2023 पासूनचे सरकारी दर बघा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर वारसांना 25 लाख. कायमचा अपंग झाला तर साडेसात लाख. हे दर सर्वसामान्य नागरिकांसाठी आहेत, पण त्यांतून सरकारची नजर कळते. मेलेल्याचा खर्च संपलेला असतो. जगलेल्याला औषधं लागतात, मुलांच्या फिया लागतात, घरातलं दुसरं माणूस त्याच्याजवळ बसून राहतं. तरी जगण्याची किंमत मरणाच्या एक तृतीयांशाहून कमी. कोविडमध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा काढला, तोही मृत्यूपुरताच. फुप्फुसं कायमची निकामी होऊन जो घरी आला त्याच्यासाठी त्या योजनेत ओळच नव्हती.

आता कायम नोकरीतल्या वनरक्षकाचं काय होतं ते पाहू. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला माणूस काढता येणार नाही. दुसरं काम द्या, पगार तोच ठेवा, पद नसेल तर अधिसंख्य पद तयार करा. त्याआधी 1995 च्या कायद्यातही हेच होतं, आणि कामावर जखमी होऊन पाय गमावलेल्या कुणाल सिंग या शिपायाला घरी बसवणाऱ्या सरकारला 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारावर चूक ठरवलं. नव्या पेन्शन योजनेतल्या राज्य कर्मचाऱ्यांना रुग्णता निवृत्तिवेतन मिळत नव्हतं, तेही मार्च 2023 च्या संपानंतर लागू झालं. लढून मिळवलं, चांगलं झालं.

पण त्याच जीपचा ड्रायव्हर ठेक्यावर असतो. जाळी धरणारा रोजंदारीवर असतो. 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झालेल्या 108 रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर आणि पायलट सरकारचे नोकर नाहीत, कंपनीचे आहेत. बिबट्या नियुक्तीपत्र बघून पंजा मारत नाही. पेन्शनचा नियम मात्र तेच बघतो.

जरा हिशेब करू, मला सवयच आहे. पस्तीस वर्षांचा ठेक्यावरचा ड्रायव्हर, एक हात मनगटापासून गेला. कामगार नुकसानभरपाईच्या जुन्या 1923 च्या कायद्यात (आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे) हाताचं नुकसान 60 टक्के धरलेलं. पगार कितीही असो, 2020 पासून 15,000 च्या वर मोजत नाहीत. सूत्रात घातलं की 10 लाख 64 हजार येतात, एकरकमी, आणि ठेकेदाराने वाद घातला तर कामगार न्यायालयाच्या खेपा घालून. सात टक्के व्याज धरा, महिन्याला सहा हजार दोनशे. पीएफला जोडलेल्या पेन्शनचं म्हणाल तर तिची किमान रक्कम सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवर अडकली आहे. शिरूरच्या बाजारात हजार रुपयांत महिन्याचं काय येतं, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

याच देशात ईएसआयचा कायदा 1948 पासून आहे आणि त्यात कायमच्या अपंगत्वाला दरमहा, मरेपर्यंत पैसे मिळतात. तेच 60 टक्के, तोच 15,000 चा पगार, आणि आकडा येतो 8,100. वर महागाईप्रमाणे अधूनमधून वाढ. म्हणजे तत्त्व नवं शोधायचं नाही. पण 21,000 च्या वर पगार गेला की ईएसआय संपतो, आणि ज्याला मालकच नाही त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

मालक नसलेला म्हणजे कोण? पोलीस पाटील. रात्री विहिरीत कुणी पडलं, रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला, पहिला फोन त्याला. 2024 मध्ये त्याचं मानधन 6,500 वरून 15,000 केलं, पण पेन्शन नाही. ‘मानधन’ हा शब्दच मोठा सोयीचा आहे. पगार म्हटला की कायदे लागतात. आणि वनखात्याच्या माणसांबरोबर बॅटरी घेऊन उभी राहणारी गावातली पोरं, त्यांना तर मानधनही नाही. आमच्या धंद्यात रात्री सर्व्हर बघायला जागं राहणाऱ्याला वेगळा भत्ता असतो. त्याच्यासमोर ऊसही नसतो आणि बिबट्याही.

‘ठेका घेतला तेव्हा अटी वाचल्या नव्हत्या का?’ असं म्हणणारे भेटतात. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ काम देणाऱ्याकडूनही भरपाई मागता येते, हे 1923 सालीच कायद्याने मान्य केलं होतं. इंग्रज सरकारला जे कळलं ते मंत्रालयाला कळू नये? ‘पैसा कुठून आणायचा?’ असंही विचारतात. प्रत्येक ठेक्याच्या निविदेत गाडीचा विमा सक्तीचा असतो. गाडीतल्या माणसाच्या आजन्म पेन्शनचा हप्ता त्याच निविदेत टाका.

आपल्या वाचकांशी एक वेगळं बोलायचं आहे. 2006 च्या सच्चर अहवालापासून आपण सरकारी नोकरीतला मुस्लिमांचा टक्का मोजत आलो. मोजायलाच हवा. पण कायम पदं आटत चालली आणि कामं ठेक्यावर गेली, तर आपली पोरं, शेजारच्या दलित-भटक्या वस्तीतली पोरं, गावकीतली पोरं सगळी त्याच स्टिअरिंगमागे, त्याच जाळीमागे दिसणार. हमी नसलेल्या नोकरीतला टक्का वाढून कुणाचं भलं होणार आहे? संविधानाच्या 41 व्या अनुच्छेदात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्वात सरकारी मदतीची गोष्ट आहे. तिथे ‘कायम कर्मचारी’ असं लिहिलेलं नाही.

मागणी एवढीच: आपत्तीत सरकारच्या बोलावण्यावर जो जातो, त्याच्या अपंगत्वाला ईएसआयच्या दराने दरमहा आजन्म पेन्शन, आणि ती सरकारने द्यावी, मग कागदावर तो कुणाचाही असो. तोवर जुन्नर वनविभागाला आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माहिती अधिकारात विचारू: शिरूर तालुक्यात तुमच्या बोलावण्यावर जाणारी ठेक्यावरची, रोजंदारीवरची आणि बिनपगारी माणसं किती, त्यांतल्या किती जणांना ईएसआय क्रमांक आहे, आणि गेल्या दहा वर्षांत जखमी झालेल्यांना आज दरमहा काय मिळतं. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं.