हाताची विद्या, कागदाची परीक्षा

तेलगावच्या कारखान्यावर ऊस गेला की गाडी आधी काट्यावर जाते. ऊस कसा वाढवला यावर शेतकऱ्यानं चारशे पानं लिहून नेली, तरी काटा किलोभर हलायचा नाही. विद्यापीठांत मात्र उलटं चालतं. संगीतात डॉक्टर व्हायचं तर बहुतेक ठिकाणी प्रबंध लिहावा लागतो. गळा कसा, हात कसा, ते कोणी काट्यावर घालत नाही.

आमच्याकडचं एक लेकरू लहानपणापासून पखवाजावर. सप्ताहात ते बसलं की म्हातारी माणसं पुढं सरकून बसायची. शिकत शिकत एम.ए. झालं, पीएच.डी.ला गेलं. तिथं विचारलं, "विषय काय?" म्हणालं, "पखवाज." "पखवाजाचं काय?" आता पखवाजाचं काय करत्यात? वाजवत्यात! पण ते चालत नाही म्हणे. आराखडा द्या, प्रकरणं पाडा, संदर्भ लावा. पोरगं टायपिंगला लागलं. धूमेला कणीक लावायची सवय मोडली, हात जड झाला. मी म्हणालो, "बाबा, डॉक्टर होऊस्तोवर वाजवणारा राहतो का नाही तू?" ते नुसतं हसलं.

लिहिणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. प्रभाताई अत्रे यांनी सरगमवर प्रबंध लिहिला आणि मैफलीही गाजवल्या. ज्याला दोन्ही जमतं त्यानं करावं. पण एकाची पात्रता दुसऱ्यावरून ठरवू नका. आपेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, अंबाजोगाई तालुक्यातलं. तिथल्या शंकरबापू आपेगावकरांना सरकारनं पद्मश्री दिली ती पखवाजासाठी. त्यांचा प्रबंध मागितला नव्हता.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शाळेच्या वर्गात आणलं. त्यांच्या परंपरेतल्या परीक्षांत आजही परीक्षकासमोर बसून गावं-वाजवावं लागतं, त्याचे वेगळे मार्क असतात. मग विशारदाला हात बघता अन् डॉक्टर होताना बघत नाही, हा कुठला न्याय? परीक्षा मोठी झाली की हात जास्त बघायचा का कमी?

कोणी म्हणेल, खऱ्या कलावंताला डिग्री कशाला? गुरूनं पाठीवर हात ठेवला की झालं. हे बोलणाऱ्यांचा पगार बहुतेक चालू असतो. वाजवणाऱ्यालाही पोट आहे. कॉलेजात वरच्या जागेवर जायचं तर पीएच.डी. लागते. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत कलावंतासाठी एक वाट ठेवलीय. गुरूकडं शिकलेला असावा, आकाशवाणी-दूरदर्शनचा वरच्या श्रेणीचा असावा. पण त्यालाही पदवी पाहिजेच. 2022 साली आणखी एक दार उघडलं. पंधरा वर्षांचा अनुभव असला तर पदवीवाचूनही शिकवता येतं. पण ती जागा कायमची नाही, तीन-चार वर्षांत घरी. म्हणजे पाहुणा म्हणून या, जेवा अन् जा.

दुसरे म्हणतील, वाजवण्याला डॉक्टरेट दिली तर दर्जा घसरेल. कागदानं दर्जा राखला का? प्रबंध पैसे देऊन लिहून घेता येतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बारा मात्रांचा चौताल विलंबित लयीत तासभर सांभाळायला मात्र भाड्याचा माणूस बसवता येत नाही. समेवर आला तर आला, चुकला तर पोरंसोरंही मान हलवतात. अमेरिकेत 1950 च्या दशकापासून वाजवणाऱ्यांसाठी वेगळी डॉक्टरेट आहे. तिथं जाहीर कार्यक्रम करावे लागतात, सोबत लेखनही असतं. त्यांचं संगीत काही बुडालं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. संगीताच्या डॉक्टरेटला वाजवण्याची वेगळी वाट करा. तीन-चार पूर्ण मैफली घ्या. परीक्षकांत निम्मे तरी स्वतः वाजवणारे ठेवा, मग ते अंगठेबहाद्दर असले तरी चालतील. आपल्या तालमीबद्दल पन्नास पानं मराठीत लिहायला लावा, त्याला कोणाची ना नाही. आणि ही परीक्षा बंद खोलीत उरकू नका. मंडप घाला, लोकांना बसवा. पखवाज कळणारी माणसं आमच्याकडं प्रत्येक सप्ताहात भेटतील.