तिसरीतला जिल्हा दहावीत परत येऊ द्या

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्ह्यागणिक वेगळी काढली, हे मला नेहमीच मोठे काम वाटत आले आहे. कोल्हापूरच्या पोराला त्यात आपली पंचगंगा भेटते, पन्हाळा भेटतो. चौथीत शिवछत्रपती येतात, सहावीत ग्रामपंचायत आणि महापालिका. त्यानंतर जिल्हा पुस्तकातून जो जातो, तो शाळा सुटेपर्यंत परत येत नाही. नववीच्या राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे, दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील. जवळचे आधी, दूरचे नंतर हा क्रम मला मान्य आहे. पण आठ वर्षांचे मूल नद्यांची नावे पाठ करते. धरणाचे दरवाजे कोणाच्या हुकमाने उघडतात, हे विचारायची अक्कल पंधराव्या वर्षी येते. नेमके तेव्हाच आपण त्याच्यापुढून त्याची नदी उचलतो.

ब्राझीलबद्दल माझी तक्रार नाही. दोन देश शेजारी ठेवून शिकवायची कल्पना चांगलीच आहे. दहावीच्या इतिहासाचे पुस्तकही धाडसी म्हणावे असे: इतिहास कसा लिहितात, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ठेव्यांचे जतन. अडते ते पुढे. भूगोलाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. त्यावर क्षेत्रभेटीची आवश्यकता स्पष्ट करा, असा प्रश्न येतो आणि मुले गाईडमधले मुद्दे घोकून त्याचे पुरे गुण घेतात. यातली किती मुले क्षेत्रभेटीला गेलेली असतात, हे कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत विचारून पाहा. आधी हसतील, मग विषय बदलतील.

आमच्याकडे क्षेत्र शोधत फिरायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेले की इशारा, 43 फुटांवर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. 2019 मध्ये ते 55 फुटांच्या वर गेले, 2021 मध्ये पुन्हा तीच गत झाली. आज दहावीत बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांनी त्या दिवसांत घर सोडले आहे. चिखली, आंबेवाडी, सुतारवाड्यातली मुले पुराची रेषा भिंतीवर बोटाने दाखवतात. पण निळी आणि लाल पूररेषा कोण आखते, त्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी कशी मिळते, राधानगरीचा विसर्ग आणि अलमट्टी धरणाची फूग यांवर एवढा वाद का, हे त्यांना चहाच्या टपरीवर कळते, वर्गात नाही. अलमट्टीवर बोलणे नाजूक आहे, मान्य. पण टपरीवर एकच बाजू ऐकायला मिळते. वर्गात निदान दोन्ही मांडता येतील.

पंचगंगेवर आणि तिच्या उपनद्यांवर दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा साऱ्या महाराष्ट्राने उचलला. बरगे पावसाळ्याआधी का काढायचे, हा पाऊण तासाचा धडा आहे, आणि तो भूगोल, अर्थकारण आणि गावकीचे राजकारण एका दमात शिकवतो.

राज्यशास्त्राचेही तसेच. 1972 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीचा वाद आमच्या पाचवीला पुजलेला आहे. शहराला गावे हवीत, गावांना शहराची घरपट्टी नको. सहावीत शिकलेली ग्रामपंचायत आणि महापालिका इथे समोरासमोर उभ्या आहेत. वर्गात निम्मी मुले शहरातली आणि निम्मी पाचगाव-उचगावची असली, तर शिक्षकाला फक्त गोंगाट आवरायचा उरतो.

आणि शाहू महाराज. 26 जुलै 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, 1917 चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, मार्च 1920 ची माणगाव परिषद, ही सनावळी मुलांना येते. पण तो हुकूम मुळात कसा लिहिला होता, कोणाला वगळून लिहिला होता, त्यावर कोण भडकले, हे कागद उघडल्याशिवाय कळत नाही. संस्थानाचे दप्तर याच शहरात आहे. ज्या पुस्तकाचा पहिला पाठ इतिहासलेखनावर आहे, त्या पुस्तकाच्या विद्यार्थ्याने एकही जुना कागद न पाहता दहावी व्हावे, हे मला पटत नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला समुद्रदेव पोसायडन आहे, रोमन व्यापाराचा साक्षीदार. आमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेला नाही. तिथल्या बागेत भेळ मात्र खाल्लेली आहे.

आता मागणी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे माध्यमिक वर्गांची पुस्तके पुन्हा लिहिली जातील. तेव्हा नववीसाठी प्रत्येक जिल्ह्याची एक छोटी पुस्तिका काढा. तीत जिल्ह्याचे कौतुक नको, जिल्ह्याचे प्रश्न हवेत: एक नदी, एक वाद, एक धंदा, मूळ कागदाची एक प्रत. हुपरीची चांदी, इचलकरंजीचे माग, काहीही चालेल. सामाजिक शास्त्रांचे जे 20 गुण शाळेच्या हातात असतात, त्यांतले निम्मे मुलाने स्वतः केलेल्या स्थानिक शोधावर द्यावेत, अशी शिफारस राज्य मंडळाकडे करा. शोध खरा की विकतचा, हे तोंडी दोन प्रश्न विचारले की उघडे पडते.

सगळ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका असते, मग जिल्ह्याचे कसे विचारायचे, हा आक्षेप येईल. लेखी परीक्षेत विचारूच नका. शिक्षकांवर आणखी एक कागदी ओझे, हा दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून आमची थोडी सुटका झाली, तर ही पुस्तिका आम्ही आनंदाने शिकवू. लिहायलाही बोलवा. मानधन नाही दिले तरी चालेल, प्रवासखर्च मात्र द्या. पुण्याच्या एसटीचे तिकीट आता स्वस्त राहिलेले नाही.

आपला,
कोल्हापुरातील एक इतिहास-भूगोलाचा शिक्षक